ओशन काउंटी: समुद्र नावात, माणसं जंगलात

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे पकडून दक्षिणेला सुटलं की ट्रॅफिक नसेल तर तासाभरात ओशन काउंटी येते (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा). आपल्या मंडळींना ही काउंटी दोनच गोष्टींसाठी माहीत, एक सीसाइड हाइट्सचा बीच आणि दुसरं पोरांच्या हट्टापायी जॅक्सन गावातलं सिक्स फ्लॅग्ज हे अम्युझमेंट पार्क. बीचवर जायला पैसे देऊन बॅज घ्यावा लागतो यावर घरी आलेले पाहुणे हमखास वैतागतात, जुहूला कोण तिकीट काढतं, वगैरे वगैरे. असो. पण मला ही काउंटी आवडायला लागली ती बीचमुळे नाही, तिथे कोण राहतं आणि नेमकं कुठे राहतं हे नकाशा उघडून बघायला लागल्यापासून.

नकाशा तसा सोपा आहे. पूर्वेला अटलांटिक, मग वाळूचे लांबलचक अरुंद दांडे म्हणजे बॅरिअर आयलंड, त्यांच्यामागे बार्नेगॅट बे ही उथळ खाडी, मग मुख्य जमीन आणि पश्चिमेला थेट पाइन बॅरन्सचं जंगल. काउंटीचं क्षेत्रफळ साधारण ९१५ चौरस मैल भरतं पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं पाणी. दांडे किती अरुंद ते मँटोलोकिंग गावात कळतं, रूट ३५ वर गाडी चालवताना एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मधे जेमतेम काही घरं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा समुद्राने इथेच दांडा फोडला आणि पाणी सरळ खाडीला जाऊन मिळालं, खाडीवरच्या पुलाच्या तोंडाशी असलेली घरं गेली. सीसाइडचा तो रोलरकोस्टर पाण्यात उभा असलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय, तो त्याच वादळातला. तरी लोकांनी परत तिथेच घरं बांधली, आता खांबांवर उंच चढवून, आणि किमती विचारू नका.

गंमत म्हणजे या दांड्यांवर कायम राहणारी माणसं अगदी मोजकी. लाँग बीच आयलंड १८ मैल लांब, गाडीने जायला रूट ७२ चा एकच रस्ता, उन्हाळ्यात लाखाच्या वर गर्दी आणि जनगणनेत सगळी गावं मिळून दहा हजारांच्या आतच. सीसाइड हाइट्सची २०२० ची लोकसंख्या अडीच हजारसुद्धा नाही. जानेवारीत गेलात तर सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात आणि कॉफी मिळाली तर नशीब.

मग ६,३७,२२९ माणसं (हा २०२० चा काउंटीचा आकडा) राहतात कुठे? तर आत, वाळूच्या जमिनीवर. ही जमीन शेतीला फारशी कामाची नाही, आम्लधर्मी, पाणी धरत नाही, क्रॅनबेरी आणि ब्लूबेरी तेवढ्या झकास येतात. डबल ट्रबल नावाच्या पार्कात जुनी क्रॅनबेरीची तळी आहेत, तिथल्या ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं, घाण नाही बरं का, सीडरची झाडं आणि जमिनीतलं लोह यामुळे. अशा जमिनीमुळे १९५० साली अख्ख्या काउंटीत अवघे ५६,६२२ लोक होते. मग पार्कवे झाला आणि चित्रच पालटलं, पहिली वीस वर्षं दर दहा वर्षांनी आकडा जवळपास दुप्पट, १९७० ला दोन लाखांच्या वर, १९८० ला साडेतीन लाखांच्या घरात. त्यात मोठा वाटा रिटायर्ड लोकांचा, न्यूयॉर्क आणि उत्तर जर्सीतलं घर विकून इथल्या ५५ च्या वरच्यांसाठीच बांधलेल्या कॉलन्यांमध्ये यायचे. बर्कली, मँचेस्टर भागात एकसारखी बैठी घरं मैलोन्‌मैल दिसतात ती हीच. पश्चिमेकडे मात्र १९७८ नंतर पाइनलँड्सचे म्हणजे याच पाइन बॅरन्सचे नियम आले, जंगल आणि खालचं भूजल वाचवायला बांधकामावर बंधनं, म्हणून सगळी वस्ती पार्कवे आणि रूट ९ च्या आजूबाजूला दाटली.

आणि या म्हाताऱ्यांच्या काउंटीत लेकवुड! १९४३ मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) अहरोन कोटलर यांनी इथे बेथ मिद्राश गव्होहा ही येशिवा म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची पाठशाळा काढली, आज ती जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे, आणि तिच्याभोवती ऑर्थोडॉक्स म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंचं गाव वाढत गेलं. घरोघरी पाच-सहा मुलं ही साधी गोष्ट. शनिवारी तिथून गेलात तर बघा, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार असल्यामुळे गाड्या जागच्या जागी उभ्या आणि रस्त्याच्या कडेने काळ्या टोप्या, बाबागाड्या, पोरांची रांगच रांग. २०१० ला लेकवुड ९२,८४३, म्हणजे आपल्या एडिसनच्याही मागे. २०२० ला १,३५,१५८, राज्यात पाचवा नंबर, आणि एडिसन बसलंय १,०७,५८८ वर.

आता हा हिशोब करा. दहा वर्षांत काउंटी वाढली ६० हजारांनी आणि त्यातले ४२ हजार एकट्या लेकवुडचे. उरलेल्या ३२ गावांत मिळून १८ हजार. म्हणून काउंटीचं सरासरी वय वगैरे कुणी सांगितलं की मला हसू येतं, एका टोकाला सत्तरीचे लोक गोल्फकार्टमधून फिरतायत आणि १५-२० मिनिटांवर निम्मं गाव विशीच्या आतलं, त्यांची सरासरी काढून मिळणारा चाळिशीचा माणूस शोधायचा कुठे? शाळांच्या बस, टॅक्स, घरांची परवानगी यावरून तिथे सतत वाद पेटलेले असतात ते यातूनच, कारण एकाला शाळा हवी आणि दुसऱ्याला टॅक्स वाढायला नको.

लेकवुडमध्ये आता जागा उरली नाही, त्यामुळे कुटुंबं शेजारच्या जॅक्सन आणि टॉम्स रिव्हरकडे सरकतायत. तेव्हा २०३० चे आकडे आले की मी पहिलं जॅक्सनचं पान उघडणार आहे, २०२० ला ५८,५४४ होते.