काखेत कळसा, स्वान्सीला वळसा

कार्डिफ सिटी स्टेडियम माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. १ एप्रिल २०२३ ला तिथे पोचायला मला जवळजवळ पाच तास लागले.

दोष अर्धा माझा. शिकायला स्वान्सीत होतो, तिथे जडलेला स्वान्सीचा फुटबॉल क्लब कार्डिफला नोकरी लागल्यावरही सुटला नाही. उरलेला अर्धा दोष 'बबल'चा. साउथ वेल्स डर्बीला, म्हणजे वेल्समधल्या कार्डिफ-स्वान्सी सामन्याला, पाहुण्या संघाच्या समर्थकाने स्वतःच्या गाडीने, ट्रेनने किंवा पायी यायचं नाही. क्लबच्या कोचमधूनच, म्हणजे ठरवून दिलेल्या बसमधूनच यायचं, आणि कोच सुटणार स्वान्सीहून. कोचमध्ये बसल्याशिवाय तिकीट हातात पडत नाही. म्हणजे कार्डिफ सेंट्रलहून तासाभराची ट्रेन, स्वान्सी स्टेशनपासून लँडोर भागातल्या क्लबच्या स्टेडियमपर्यंत अर्धा तास पायपीट, आणि मग ज्या दिशेने आलो त्याच दिशेने एम-४ महामार्गावरून परत. मॅचनंतर हेच उलटं. पासष्ट किलोमीटरच्या चार खेपा.

याला इतिहास आहे, नाही असं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये कार्डिफच्या जुन्या मैदानावर, निनियन पार्कवर, स्वान्सीच्या लोकांनी खुर्च्या उखडून फेकल्या. त्यानंतर काही वर्षं या सामन्याला पाहुण्यांना बंदीच होती. बंदी उठली ती बबलच्या अटीवर.

कोचच्या दारात सुरक्षा कर्मचारी बाईंनी माझा थर्मास उघडायला लावला, नाक आत घातलं आणि भुवया उंचावल्या. आल्याचा चहा होता. मॅचला जाणाऱ्या कोचमध्ये दारू नेणं इथे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे बाटलीबिटली घरीच ठेवा. एकाच्या पिशवीसाठी अख्खा कोच खोळंबतो. निघण्याआधी स्टेडियमवरच स्वच्छतागृह उरकून घ्या. ताफा पोलिसांच्या मोटरसायकलींसोबत चालतो, तुमच्यासाठी मध्येच थांबत नाही.

जंक्शन ३३ ला एम-४ सोडून ए-४२३२ वर आलो आणि थोड्या वेळाने खिडकीतून माझा रोजचा बसथांबा दिसला. शेजारच्या आजोबांना दाखवला. ते म्हणाले, "हात कर त्याला." मी केला.

हे आजोबा वाटभर बबलला शिव्या घालत होते. गुरं भरल्यासारखं भरतात, आम्ही कुणाचं काय वाकडं केलं, वगैरे. मला सगळं पटत होतं. फक्त ऑक्टोबरची आठवण येत होती. तेव्हा कार्डिफवाले असेच कोचमध्ये कोंबून आमच्याकडे आले होते, आणि आमच्या स्टँडमध्ये कुणालाही वाईट वाटलं नव्हतं. मलाही नाही. माझ्या समोरच्या टेबलावरचा सहकारी पक्का कार्डिफवाला. तो ऑक्टोबरमध्ये आठवडाभर मानवी हक्कांवर बोलत होता. मार्च संपता संपता त्याचा सूर बदलला: "अरे, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ते."

क्लबही याहून वेगळे नाहीत. ग्लासगोत रेंजर्स क्लबने २०१८ मध्ये प्रतिस्पर्धी सेल्टिकच्या समर्थकांच्या जागा सात हजारांहून जास्त होत्या त्या आठशेच्या आसपास आणल्या; सेल्टिकनेही लगेच तेच केलं. पुढे तर काही सामने पाहुण्यांविनाच झाले. आपल्या मैदानावर करतो ती व्यवस्था, दुसऱ्याच्या मैदानावर होतो तो अन्याय. याला अपवाद एक आठवतो: मार्च २०१३ मध्ये हडर्सफील्ड-हल सामन्यावर बबल लादला, तेव्हा दोन्हीकडचे समर्थक एकत्र ओरडले आणि अट सैल झाली. कार्डिफ-स्वान्सीत असं एकत्र ओरडणं? आधी एकमेकांचं नाव शिवी न देता घ्यायला शिकावं लागेल.

मॅच आम्ही ३-२ जिंकलो. विजयी गोल ९९व्या मिनिटाला, बेन कबांगोचा. हा गडी जन्माने कार्डिफचाच. माझा घसा पुढचे चार दिवस बसला होता.

शिट्टी वाजल्यावर लगेच सोडत नाहीत. यजमान पांगेपर्यंत तुम्हाला आत ठेवतात, मग कुंपणातल्या कोचपर्यंत नेतात. मी एका कर्मचाऱ्याला विचारून पाहिलं, घर जवळ आहे, चालत जाऊ का? त्याने माझ्या स्कार्फकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोचकडे बोट केलं. त्यामुळे परतीचं ठरावीक वेळेचं तिकीट काढू नका. माझं वाया गेलं, दुसरं काढावं लागलं. फोन पूर्ण चार्ज करून न्या. खाणं बरोबर ठेवा. स्वान्सीहून एकट्याने ट्रेनने कार्डिफला परतणार असाल तर स्कार्फ पिशवीत गेलेला बरा. लहान मुलं असतील तर ताटकळण्याचा हिशेब आधी करा. माझ्या मागच्या सीटवरचा सातेक वर्षांचा मुलगा गोलपेक्षा पोलिसांच्या घोड्यांवर जास्त खूश होता, पण परतीच्या तासाभरात त्याचाही धीर सुटला.

कार्डिफ २०२५ मध्ये खालच्या श्रेणीत, लीग वनमध्ये, घसरल्यावर लीगमधली ही गाठ तुटली. पुन्हा जुळेल तेव्हा तिकिटाआधी प्रवासाच्या अटी वाचा. कोच कुठून सुटतो, दुसरीकडून चढता येतं का, हे क्लबला विचारून घ्या.

सोमवारी ऑफिसात सहकाऱ्याने मॅचचा विषयच काढला नाही. कॉफी घेताना एवढंच विचारलं, "मग? कोचचा प्रवास कसा झाला?"

"अगदी सुरक्षित," मी बसलेल्या घशाने म्हणालो.