पाव इंच माया

आमच्या मास्टरजींचं दुकान इंदूरच्या रामबागेतल्या एका जिन्याखाली आहे. एक पायमशीन, वर पिवळा बल्ब आणि भिंतीवर खिळ्यांना लटकणाऱ्या पिशव्या. नवे कपडे ते शिवत नाहीत. पँट आखूड करणं, चेन बदलणं, फॉल-पिको, एवढंच. "नया सिलवाता कौन है अब?" म्हणतात, पण कुरकुरीच्या सुरात नाही.

परवा दुपारी भाच्याची जीन्स, एक जुना ब्लाउज आणि माझा काखेत आवळणारा कुर्ता घेऊन गेले. कुर्ता मोठ्या शोरूममधला, पैसेही तसेच मोजलेले. मास्टरजींनी तो उलटा केला, शिवण चिमटीत धरली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो शिवलाय. "मार्जिनच नहीं छोड़ी, दीदी." खरंच, इंटरलॉक अगदी टिपेला चिकटून. मार्जिन सगळी दुकानदाराने स्वतःकडेच ठेवली होती.

आई त्याला माया म्हणायची. शिंप्याला बजावायची, "माया भरपूर ठेवा हं, पोर वाढतीये."

त्या मायेचा मला भारी राग होता. निळ्या फ्रॉकची खालची दुमड दर वर्षी उसवून बोटभर खाली सोडायची. आतलं कापड गर्द, बाहेरचं धुऊन विटलेलं, आणि मधे जुन्या टिपेची रेघ. इस्त्री फिरवा, पाणी मारा, सुईची भोकं काही बुजत नाहीत. तिसऱ्या वर्षी अनंत चतुर्दशीला रात्रभर ओट्यावर बसून आम्ही मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघत होतो. मालवा मिल झाली, हुकुमचंद आली, सगळे उठून उभे राहिले, आणि मामेबहीण झांकी सोडून माझ्या फ्रॉकचे पट्टे मोजत होती. एवढ्या कापडगिरण्यांच्या गावात एक नवा फ्रॉक मिळू नये! (हुकुमचंद 1991 मध्ये बंद पडली, मागेपुढे बाकीच्याही. झांक्या मात्र अजून निघतात.)

पुरुषांच्या पँटला मागे कमरेशी चांगली दीड-दीड इंच माया सोडायची पद्धत. पोटाचा भरवसा नाही, हे शिंप्यांना पहिल्यापासून ठाऊक.

जीन्सचे पाय कापून उरलेले दोन तुकडे मी मागून घेतले. घरी बिस्किटाच्या डब्यात असे पुष्कळ आहेत. त्यांचं काय करणार, हे मला विचारू नका. घरातल्यांनी विचारून झालंय.

मग ब्लाउज. आईच्या माहेश्वरीवरचा, मोरपिशी. तो मला बसेल असा करून हवा होता. मास्टरजींनी चष्मा पुसला, अर्धं ब्लेड काढलं. ते सगळे टाके कापत नाहीत. तीन-चार टाके सोडून एक कापायचा, असं काखेपासून खालपर्यंत जायचं आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. सर्रकन सगळा हातात येतो. एक टीप निघाली. आत पाव इंचावर दुसरी. तीही निघाली. त्याच्या आत आणखी एक.

"ये तो मेरे ही हाथ की है," ते म्हणाले.

त्यांचीच होती. शेवटच्या वर्षी आई वाळत गेली, तसे मी तिचे ब्लाउज दोनदा आवळून नेले होते. पाव इंच आत घेतलं की दोन्ही बाजूंचं मिळून एक इंच कमी होतं, हे तेव्हाच कळलं. आतलं कापड जाड होऊन टोचेल, कापून टाका, असं मी म्हटलं होतं. त्यांनी कापलं नव्हतं. "माताजी फिर भर जाएँगी तो?" असं म्हणाले होते.

आता तिन्ही टिपा उसवून त्यांनी कड सपाट केली आणि अंगठ्याने दाबली. आतला मोरपिशी अगदी नवा होता. त्यांनी टेप माझ्या अंगाला लावली, आकडा मनातच ठेवला, आणि म्हणाले, "आ जाएगा. शनिवार को ले जाना."

कुठला शनिवार, ते मी विचारलं नाही.