शर्ट, शेअर, स्कोअर आणि आपली कात्री

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये राहणाऱ्याला कोणी ना कोणी हे ऐकवतोच: 'शायर' (यॉर्कशरमधला 'शर') म्हणजे राज्यातून कापून काढलेला तुकडा, 'शिअर' म्हणजे कातरणे, त्यावरून आलेला. सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की मान डोलवावीशी वाटते. डोलवू नका. जुन्या इंग्रजीत 'शिर' म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याकडे सोपवलेला कारभार, आणि पुढे त्या कारभाराखालचा मुलूख. कातरण्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या काळी काही विद्वानांनीही हीच चूक केली होती. पण ती अजून सांगत फिरण्याचे कारण काय? खरे कुटुंब याहून कितीतरी मजेदार आहे, आणि त्यातले निम्मे शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो.

मूळ अर्थ 'कापणे'. जुन्या इंग्रजीतले क्रियापद 'शिएरन', म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांचे आजचे 'शिअर'. त्याच मुळातून 'शेआरू', कापून केलेला वाटा: दलाल स्ट्रीटवरचा शेअर तो हाच. नांगराच्या फाळालाही इंग्रजीत 'शेअर'च म्हणतात, कारण तो जमीन कापतो. कापून आखूड केलेला तो 'शॉर्ट', आखूड कपडा तो 'शर्ट', कापणारी धार ती 'शार्प', फुटक्या मडक्याची खापरी ती 'शार्ड'.

मग 'स्कर्ट' कुठून आला? इथे उत्तर इंग्लंडचा इतिहास मदतीला येतो. जुन्या इंग्रजीत 'स्क'चा 'श' झाला होता. स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीत 'स्क' तसाच राहिला. 866 मध्ये त्यांनी यॉर्क घेतले आणि त्यांची बोली इथल्या इंग्रजीत मिसळली. त्यांचा 'स्क्युर्ता' म्हणजेही शर्टच. आइसलँडमध्ये आजही शर्टाला हाच शब्द आहे. इंग्रजीत मात्र एकाच कपड्याला दोन नावे झाली, आणि एक कमरेखाली उतरले. हीच गोष्ट गावांच्या नावांत दिसते: मेंढ्यांचे गाव ऑक्सफर्डशरमध्ये 'शिप्टन', यॉर्कशरमध्ये 'स्किप्टन'.

'स्कोअर'ही त्यांचाच. मूळ अर्थ काठीवर पाडलेली खाच. मेंढ्या मोजताना वीस झाल्या की एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीस, आपली कोडी. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात मेंढ्या मोजायचे आकडेही वेगळे होते: यान, टॅन, टेथेरा. दर खोऱ्यात थोडे निराळे, पण मोजणी विसापर्यंतच. पुढे खाच पाडायची आणि पुन्हा 'यान'. अठराव्या शतकात क्रिकेटच्या धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत, धावेलाच 'नॉच' म्हणजे खाच म्हणत. तेव्हा 'स्कोअर काय झाला?' हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

आता आपल्याकडची बाजू. संस्कृत आणि इंग्रजी एकाच प्राचीन भाषेच्या वंशातल्या. संस्कृतात याच मुळाचा आरंभीचा 'स' गळाला आणि 'कृत्' हा धातू राहिला: कृन्तति, कर्तन, कर्तरी. कर्तरीची कात्री झाली. म्हणजे कात्री आणि शर्ट नात्यातले. परदेशात राहून मराठीत इंग्रजी शब्द घुसवतो म्हणून आम्हाला टोमणे मिळतात, 'शर्ट काय, सदरा म्हण.' सदरा अरबीतून आलेला आहे. शर्ट निदान कात्रीचा भाऊबंद तरी आहे! (ही पळवाट आहे हे मान्य.)

ही नाती जुळवताना फसायला होते ते नुसत्या आवाजावर विसंबल्यामुळे. 'सिझर्स' म्हणजे इंग्रजांची कात्री या घरातली असणारच असे वाटते, पण ती लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आली. तिच्या स्पेलिंगमधला 'एस-सी' तर पंडितांनी भलत्याच लॅटिन शब्दावरून मागाहून चिकटवला. त्यामुळे शब्द जर्मानिक (म्हणजे इंग्रजी आणि व्हायकिंगांच्या बोलीच्या कुळातला) की लॅटिन-ग्रीक हे आधी शब्दकोशात बघायचे, मग जुने स्पेलिंग, आणि आवाजाचा विचार सर्वांत शेवटी. 'स्कार' हा एक शब्द तर दोन्हीकडे आहे. यॉर्कशरमधल्या मॅलम गावाजवळच्या गॉर्डेल स्कारमधला 'स्कार' म्हणजे तुटलेला कडा: तो व्हायकिंगांचा आणि कापण्याच्याच कुळातला. जखमेचा 'स्कार' मात्र ग्रीक 'एस्खारा'वरून आला. त्याचा अर्थ चूल, मग भाजल्यावर धरलेली खपली.