नळीच्या तोंडावरचं तेलकट फूल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला. आता न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, बंदुका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. गोष्ट जूनमधली. टेक्सासच्या किनाऱ्याकडचे एक आजोबा शार्प्स रायफल, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायची जुन्या घाटाची बंदूक, घेऊन आले. "हिची नळी गेलीय. नवीन बसवा." चार दिवसांवर इथल्याच रेटन गावची सिल्हूएट मॅच होती, म्हणजे प्राण्यांच्या आकाराची लोखंडी निशाणं पाडायची स्पर्धा. तिथे ५०० मीटरवरचा लोखंडी मेंढा पाडायचा असतो.

रायफल ४५-७० ची. हे काडतूस १८७३ सालचं. ०.४५ इंची गोळी आणि ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू. काडतुसं आजोबा स्वतः भरायचे. त्यांच्यादेखत एक उघडलं आणि बघतच राहिलो. दारू दोन फुटी पितळी नळीतून सावकाश ओतलेली, त्यामुळे दाणे घट्ट बसलेले. मग वेगळ्या डायनं दाबलेली, कारण गोळीनंच दाबली तर मऊ शिसं चेपतं. दारू आणि गोळीच्या मध्ये तीळभर पोकळी नाही. इतका साफ हात मी क्वचित पाहिलाय. मग शिशाची गोळी नळीतून ठोकत पुढे नेली. कुठे अडली नाही, कुठे सैल पडली नाही. नळी ठणठणीत!

रेंजवर गेलो. २०० यार्डांवर पहिल्या चार गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. सहावीपासून ग्रुपिंग फुटलं, गोळ्या विखरायला लागल्या. रायफल रिकामी करून मी नळीचं तोंड निरखलं. गोळीच्या खाचांतलं मेण-चरबीचं वंगण शेवटपर्यंत पुरलं, तर तोंडावर तेलकट फूल उमटतं. इथे ते नव्हतंच. शेवटची चार बोटं नळी करड्या, कोरड्या खरपुडीनं भरलेली.

"दोन गोळ्यांच्या मध्ये फुंका किती मारता?"

"दोन. घरी तेवढ्या पुरतात."

इथेच उलगडा झाला. फुंकेतली ओल नळीतली राख मऊ करते, म्हणून त्या मारायच्या. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून राखच होतो, आणि ती राख हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात आपल्याकडे बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसं. समुद्राकाठी ती आपोआप मऊ राहते. रेटन साडेसहा हजार फुटांवर, जूनची हवा कोरडी ठाक. तीच राख इथे करपलेल्या तव्यासारखी धरते आणि पुढच्या गोळीला ओरबाडते.

नळी पुसून घेतली. ब्रीच, म्हणजे नळीचं गोळी भरायचं मागचं तोंड, उघडून मागच्या बाजूनं (पुढून कधीच नाही!) फुंकनळी लावली. आजोबांनी आठ लांब, संथ फुंका मारल्या, मग गोळी. प्रत्येक वेळी तसंच. दहाच्या दहा गोळ्या एका बशीखाली झाकल्या जातील एवढ्यात बसल्या. तोंडावर काळपट, ओलसर फूल उमटलेलं. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होते.

नवीन नळीच्या ऑर्डरचा कागद मी सकाळी अर्धा भरून ठेवला होता. तो फाडला आणि दोन तासांच्या मजुरीचं बिल लिहिलं.