तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात वाळू जाते कुठे?

आमचं घर गुहागरला, पुळणीला लागून. डिसेंबरात राहून गेलेले पाहुणे जुलैत पुन्हा आले, की सामान ठेवायच्या आधी विचारतात, "अहो, मागच्या वेळची वाळू कुठे गेली?"

गेली नाही. थोडी पुढे, पाण्याखाली पडली आहे.

थंडीतल्या बऱ्याच लाटा पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत जन्मलेल्या असतात. हजारो किलोमीटर येता येता त्यांची मस्ती उतरते. उरतात त्या बुटक्या, लांब, सावकाश. अशी लाट फुटली की पाणी वाळूवर चढतं आणि बरंचसं तिथेच मुरतं. परतणाऱ्या पाण्यात जोर नसतो, म्हणून आणलेली वाळू वरच राहते. असं रोज थोडं थोडं करत फेब्रुवारीपर्यंत भरतीच्या रेघेपाशी चांगला कट्टा तयार होतो. त्याच्या वरच्या कोरड्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की मामला उलटतो. तीन-तीन मीटरच्या उभ्या लाटा, एकीच्या पाठीवर दुसरी. वाळू पाणी पिऊन तुडुंब, मुरायला जागाच नाही. मग सगळं पाणी कट्टा कापत, तळाशी ओढ घेत मागे जातं. वाळू मात्र फार लांब जात नाही. मोठ्या लाटा फुटतात तिथे तिचा लांब बांध होतो. माडीवरून बघा, फेसाच्या दोन रेघा दिसतील. बाहेरची रेघ म्हणजे तुमची डिसेंबरातली वाळू. मोठी लाट तिच्यावर आपटते आणि किनाऱ्याला येईतो निम्मी होते.

(शाळेत मिनिटाला किती लाटा यावरून बांधणारी कोण नि तोडणारी कोण ते शिकवतात. आमच्याकडे मला ते गणित नेहमी जुळलेलं नाही. लाट किती उभी आहे ते बघावं.)

म्हणून कुणी दगडी बंधाऱ्याचं कौतुक करू लागलं की माझं तोंड कडू होतं. लाट भिंतीवरून उलटते आणि पायथ्याचीच वाळू खरवडते. भिंतीमागची वाळू तर पाण्यातल्या त्या वाळूच्या बांधाला मिळतच नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून वाळू लगेच परतत नाही. उधाणाच्या एका रात्रीत गेलेलं भरायला महिने लागतात. रुंद पुळण हवी तर डिसेंबरनंतर या. जुलैत आलात तर चहा माडीवर मिळेल, पाण्यात मात्र उतरायचं नाही.