दालीच्या चित्रातली संध्याकाळ

स्पेनच्या ईशान्य टोकाला काडाकेस नावाचं गाव आहे. तिथून पोर्ट लिगातला पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत ऑलिव्हची झाडं आणि चुनामातीशिवाय रचलेले दगडांचे गडगे, थेट कोकणातल्यासारखे. टेकडी ओलांडली की खाली इवलीशी खाडी आणि काठावर चित्रकार साल्वादोर दालीचं पांढरं घर. 1930 साली त्याने इथे कोळ्याची झोपडी घेतली आणि पुढे शेजारच्या झोपड्या जोडत घर वाढवत नेलं. घर पाहिलं, पण मी आले होते खडकांसाठी.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचं ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ हे चित्र पाहिलं तेव्हा आधी आकारानेच चकित झाले होते. जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटर! फुलस्केप कागदाहून किंचित रुंद. ओघळणारी घड्याळं म्हणजे काळ, मुंग्या म्हणजे कुजणं, मधला पापण्या मिटलेला चेहरा म्हणजे झोप, असे अर्थ मी घरूनच पाठ करून गेले होते. वहीत शब्दार्थ लिहितात तसे. चित्राच्या वरच्या कोपऱ्यातल्या कड्यांकडे लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर काडाकेसजवळच्या कॅप दे क्रेउस या खडकाळ भूशिरावर गेले. ट्रामुंताना नावाचा उत्तरेचा वारा, एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. आपल्या सह्याद्रीचा कातळ थराथरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. इथला खडक मळलेल्या कणकेत बोटं रुतवून सोडावी तसा, भोकाभोकांचा, सुरकुतलेला. हात फिरवला तर खरखरीत, अभ्रकाची चमचम.

“मावशी, इकडून बघ, कुणीतरी झोपलंय!”

खरंच नाक, कपाळ, मिटलेला डोळा. दोन पावलं सरकले आणि माणूस नाहीसा झाला. चित्रातला तो चेहरा इथल्याच एका खडकावरून सुचला असं मानतात. मला ते लगेच पटलं.

संध्याकाळी परत पोर्ट लिगातच्या काठावर येऊन बसलो. मागच्या डोंगराची सावली आमच्यावरून पाण्याकडे सरकत होती आणि पलीकडचे खडक मात्र उन्हात पिवळेधमक. चित्रात अगदी हेच आहे. पुढची जमीन अंधारलेली, लांबचे कडे उजळलेले.

दालीने आत्मचरित्रात लिहिलंय की हा पोर्ट लिगातचा देखावा त्याने आधी रंगवला होता. मग एका रात्री गाला, पुढे त्याची बायको झाली ती, सिनेमाला गेली, याचं डोकं दुखत होतं, जेवणानंतर कॅमॉम्बेर चीजच्या मऊपणाचा विचार करत बसला आणि दोन तासांत घड्याळं काढली. साल 1931. म्हणजे खडक आणि उजेड आधीचे, घड्याळं मागाहूनची. अर्थ शोधायलाही तिथूनच सुरुवात करायला हवी होती. ते कडे इतके रेखीव, घट्ट आहेत म्हणून तर घड्याळांचं ओघळणं अंगावर येतं. आणि मुंग्या? लहानपणी जखमी वटवाघळाला मुंग्या लागलेल्या पाहून दाली हादरला होता. चित्रात त्या चढल्यात झाकण मिटलेल्या केशरी घड्याळावर, जे एकटंच टणक आहे. मऊ घड्याळांना एकही मुंगी शिवलेली नाही. काळ वितळतो हे मी पाठ केलं होतं. जे वितळायला तयार नाही तेच पोखरलं जातंय, हे मला त्या काठावर बसल्यावर दिसलं.

कड्यावरचं ऊन हळूहळू वर सरकत गेलं. भाचीने मोबाइलवर चित्र उघडलं आणि आम्ही दोघी कडा न् कडा ताडून पाहत राहिलो, समोरचं दिसेनासं होईपर्यंत.