नाताळात मेलबर्नला कोण जाणार?

जानेवारीत मेलबर्नचे ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसचे सामने इंदुरात पहाटे साडेपाचला सुरू होतात, राजवाड्याजवळच्या पोह्यांना वाफ यायच्या आत. आज ही स्पर्धा चुकवायची कोणा खेळाडूची तयारी नसते. पण स्वीडनच्या बोर्गसारखा अव्वल खेळाडू तिथे एकदाच खेळला, 1974 साली. प्रवास लांबचा, बक्षीस कमी आणि पुढे तर तारखाही ऐन नाताळाच्या तोंडावर. 1977 मध्ये स्पर्धा दोनदा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरात! परत जानेवारी गाठायची म्हणून 1986 अख्खं कोरडं गेलं.

खरा पालट 1988 चा. कूयाँग या जुन्या मैदानाचं गवत सुटलं. नवं संकुल, मुख्य कोर्टावर सरकतं छप्पर, खाली रबरमिश्रित 'रिबाउंड एस'चा थर. छप्पर उत्तम, थराबद्दल मात्र तक्रारी फार. उन्हात तापला की तो चिकट व्हायचा, बूट जागीच धरून ठेवायचा आणि घोटा मुरगळायचा. 2008 ला त्याजागी निळं 'प्लेक्सिकुशन' आलं.

अमेरिकेचा अगासी मात्र नव्या संकुलानंतरही बरीच वर्षं फिरकला नाही; पहिल्यांदा गेला तो 1995 ला, आणि थेट जिंकूनच परतला. पुरुषांचा अंतिम सामना तिथे रात्री साडेसातला, म्हणजे आपल्याकडे दुपारी दोनला, जेवणं उरकल्यावर.